एकतीस नंबरचा खण

३ फेब्रुवारी

कोरी वही घरात पडून होती आणि आज सांगण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून लिहायला बसले. आरमाराच्या टपालखान्यात आजपासून कामाला लागले. काम पत्रं लावण्याचं. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणावर चिकटवलेला नंबर. एक नंबर म्हणजे एक जहाज, नाहीतर किनाऱ्यावरचं एखादं ठाणं. कुठला नंबर कुणाचा, ते फक्त मास्तरांच्या कुलूपबंद कपाटातल्या यादीत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून मधूनमधून नंबर बदलतात. वरून चिठ्ठी आली की जुना कागद खरवडायचा आणि नवा डकवायचा. खलाशी मग घरी कळवतात, की आता या नंबरावर लिहा.

मास्तर म्हणजे आमचे मुख्य. सुखाने निवृत्त झालेल्या पोस्टमास्तरांना लढाईने घरातून परत ओढून आणलंय, आणि तो राग ते आमच्यावर काढतात. "जहाजाचं नाव तोंडातून निघालं की नोकरी गेली, बाई," हे पहिलं वाक्य. बसा वगैरे नंतर.

मला एकच नंबर ठाऊक आहे, एकतीस. हे त्यावर आहेत. विनाशिका आहे, लांबलचक आणि अरुंद, म्हणून तिच्यावरचे सगळे तिला काटकुळी म्हणतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईचा धाकटा भाऊही तिच्यावरच आहे. त्याला तिनेच वाढवलाय. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, एकतीसच्या खणाकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

११ फेब्रुवारी

ह्यांचं पत्र. तपासनिसाने कात्री अशी चालवली आहे की पत्राची जाळी झालीय. उरलेल्यातून एवढं कळलं : मालजहाजांचा ताफा सांभाळून न्यायचा, पोचवायचा, दुसरा घेऊन परत यायचं. मालजहाजं गोगलगायीसारखी चालतात आणि काटकुळी त्यांच्याभोवती घिरट्या घालत पाणबुड्या हुंगत फिरते. दोनदा पाण्यात बॉम्ब टाकले. वर मासेच आले, ते सगळ्यांनी खाल्ले. ह्यांचं काम दिव्याच्या उघडझापीने इतर जहाजांशी बोलण्याचं. तिकडे दिवसभर बोलतात, म्हणून घरी तोंड उघडत नाहीत, असं माझं मत आहे.

सासूबाईंना पत्र दोनदा वाचून दाखवलं. त्यांना भोकांमध्ये काय असेल याचीच जास्त उत्सुकता.

२५ फेब्रुवारी

हे आले! काटकुळीने कुठेतरी नाक वाकवून घेतलंय, ते सरळ होईतो दोन दिवस सुट्टी.

२७ फेब्रुवारी

दोन दिवसांतले तीस तास हे झोपले. मी हिशोब ठेवला नाही, सासूबाईंनी ठेवला आणि कौतुकाने सांगितला. उठले तेव्हा जेवले. जेवताना बोलले ते काटकुळीबद्दल. तिचं इंजिन, तिचं डोलणं, लाटेत ती कशी कण्हते. मी साडी बदलून समोर बसले होते, ती कुणी पाहिली नाही.

निघताना मी दारात म्हणाले, "एवढं तिचंच कौतुक आहे तर तिकडेच राहा तिच्याजवळ. परत येऊच नका."

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं, पिशवी खांद्यावर टाकली आणि गेले. त्या पाहण्याचा अर्थ काय ते मला कळलेलं नाही.

२८ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. माझं चुकलं म्हटलं. स्वतःच्या हाताने एकतीसच्या खणात ठेवलं. काटकुळी काल संध्याकाळीच सुटली. तिची थैली आता ती पुढच्या बंदराला लागेल तेव्हा जाईल, म्हणजे दोन-तीन आठवडे पत्र माझ्यासमोरच बसून राहणार. येता-जाता ते मला दिसतं.

८ मार्च

चौथं पत्र ठेवलं. पहिल्या पत्रात माफी मागितली, दुसऱ्यात कारणं दिली, तिसऱ्यात कारणं मागे घेतली. आज नुसती घरातली हालहवाल लिहिली, की स्वयंपाकघराचा नळ गळतो आणि आईंचा चष्मा पुन्हा सापडत नाही. शेवटी एक ओळ : "रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा."

१६ मार्च

विचित्र दिवस. सकाळी वरून चिठ्ठी आली. मास्तरांनी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "एकतीसची थैली भरायची नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत पत्रं खणातच राहू द्या."

मी विचारलं, "नंबर बदलणार का?"

"चिठ्ठीत जेवढं आहे तेवढं सांगितलं, बाई."

दुपारी त्यांनी माझी जागा बदलली. मला दहाच्या आतल्या नंबरांवर पाठवलं, एकतीस दिसणारही नाही अशा कोपऱ्यात. माझ्याकडून काय चूक झाली कोण जाणे. वर स्वतःच्या कपातला अर्धा चहा मला दिला. ज्या माणसाने दीड महिन्यात एक गोड शब्द दिला नाही, तो चहा देतो! मला तर वाटतं माझी नोकरी जाणार आणि हा निरोपाचा चहा होता.

१७ मार्च

नोकरी आहे.

२४ मार्च

एक नवा नंबर आलाय, सत्तेचाळीस. आज तिथून पहिल्यांदाच पत्रं आली. तीसेक असतील. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पाकिटांवरचं अक्षर एकच. गोल, टपोरं, निळ्या शाईतलं, आणि माझी मान कापून देईन, बाईचं अक्षर आहे ते! जहाजावर बाई कुठून आली? ताई म्हणाली, "असेल कुणीतरी कारकून, सुबक अक्षराचा." बाकीची पाकिटं पेन्सिलीने लिहिलेली, अक्षरं तिरपी, डाव्या हाताने लिहिल्यासारखी. काय जहाज आहे की शाळा!

२७ मार्च

मी हुशार आहे, हे आज सिद्ध झालं.

सत्तेचाळीसच्या पत्रांत एक पाकीट दिसलं, आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या नावाचं. त्यांचा मुलगा काटकुळीच्या इंजिनखोलीत आहे! म्हणजे काटकुळीचा नंबर बदललाय. एकतीस गेला आणि सत्तेचाळीस आला. म्हणून तर एकतीस थांबवलं. इतकं सोपं होतं आणि मी अकरा दिवस डोक्याचा भुगा करून घेत होते.

संध्याकाळी पोलक्याची बाही सैल करायच्या निमित्ताने शिंपीणबाईंकडे गेले. मुलाचं पत्र पोचलं होतं. "बरा आहे म्हणतो," त्या म्हणाल्या. "हाताला थोडं लागलंय म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतलंय. आता सत्तेचाळीसवर लिही म्हणतो." मी मनात टाळी वाजवली. त्या मात्र बाही उसवताना मध्येच थांबून म्हणाल्या, "हाताला थोडं लागलं तर कुणी आईचं नावसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतं का हो?" मी म्हटलं, इंजिनातले लोक आळशी असतात.

ह्यांचं मात्र पत्र नाही. सत्तेचाळीसच्या तिन्ही थैल्या मी पाहिल्या. इतरांना कारकून मिळतो, ह्यांना मिळत नाही. म्हणजे राग अजून आहे.

३० मार्च

मास्तर आज दातदुखीने आले नाहीत. एकतीसचा खण तुडुंब भरलाय. दोन-अडीचशे घरची पत्रं सडत पडलीत, आणि तिकडे माणसं वाट बघतायत! हुकूम यायला लागेल महिना. मी ताईला म्हटलं, सत्तेचाळीसच्या थैलीत घालते सगळी. ती म्हणाली, "अगं, मास्तर खातील तुला." मी म्हटलं, "दात दुखतोय त्यांचा." ती पुष्कळ दिवसांनी हसली. मग तिनेच सुतळी आणून दिली.

माझी नऊ आणि ताईची सहा पत्रं सगळ्यात वर ठेवली. थैली दुपारच्या गाडीने गेली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

६ एप्रिल

सत्तेचाळीसहून गठ्ठे परत आले. आपण पाठवलेल्यांपैकी बहुतेक सगळी पत्रं. प्रत्येकावर शिक्का : "या ठिकाणी नाही." असा कसा कारभार? अख्खं जहाज तिथे आहे आणि माणसं नाहीत? तो सुबक अक्षराचा कारकून शुद्ध बिनडोक आहे.

मी पटापट गठ्ठा चाळला. माझ्या नवांपैकी एकही परत आलेलं नाही! सगळी पोचली. हे वाचत असतील, या क्षणी कदाचित. मी ताईला सांगायला वळले. तिच्या हातात तिची सहाच्या सहा होती.

मी म्हणाले, "चुकून आली असतील गं. पुन्हा पाठवू."

ताई त्या शिक्क्यावरून बोट फिरवत होती. "तुझी नाही आली ना परत?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली. मग पत्रं पदराखाली घेतली, सुट्टी न मागता उठली आणि घरी गेली. एवढ्या तेवढ्यावरून ही बाई अशी करेल असं वाटलं नव्हतं.

८ एप्रिल

ताई आली नाही. मास्तरांना गठ्ठा सापडला. मी ओरडा खायच्या तयारीने उभी राहिले, आणि ते खुर्चीत बसून डोळे चोळत राहिले. मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. "बसा, बाई." ह्या वेळी बसा आधी आलं.

काटकुळी बुडाली. बारा मार्चला. बातमी अजून दाबून ठेवलीय. शत्रूला नक्की काय लागलं ते कळू नये म्हणून घरच्यांनाही सांगितलेलं नाही. सत्तेचाळीस म्हणजे किनाऱ्यावरचं इस्पितळ. जे वाचले ते तिथे आहेत. ते गोल अक्षर तिथल्या परिचारिकेचं. वाचलेल्यांची यादी अजून वरून यायची आहे.

बारा मार्च. त्या दिवशी मी सहावं पत्र खणात ठेवलं होतं. तोवरची सहाही पत्रं खणात माझ्यासमोरच पडून होती. माफीतलं एक अक्षरही ह्यांना बुडण्याआधी मिळालेलं नाही. दारातलं ते वाक्य घेऊनच गेले.

मग एकदम लखकन डोक्यात आलं. "पण माझी परत आली नाहीत, मास्तर! इस्पितळात ती कुणीतरी घेतली. म्हणजे हे तिथे आहेत!"

मास्तर म्हणाले, "पत्र परत न येणं आणि माणूस असणं, यात फरक असतो. पस्तीस वर्षं टपालात काढली मी. यादी येऊ द्या. तोवर घरी बोलू नका."

बोलणार नाही. पण आनंद होतोय, आणि ताईची सहा पत्रं आठवली की त्या आनंदाची शरम वाटतेय. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला कळत नाही.

१० एप्रिल

बोलले. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "महिना झाला, पोराचं पत्र नाही. तुझ्या तोंडावरून काहीतरी आहे." माझ्याच्याने राहवलं नाही. जहाज बुडालं, पण हे वाचले, इस्पितळात आहेत, हाताला लागलं असेल म्हणून लिहीत नसतील, सगळं सांगून टाकलं. ताईची पत्रं परत आली, माझी आली नाहीत, हा पुरावाही दिला. त्यांनी मान हलवत ऐकला. मी इतकं नीट समजावलं की मलाच पुरता पटला.

त्या उठल्या आणि ह्यांची ट्रंक उघडली. तीन सदरे काढले, भिजवले. म्हणाल्या, इस्पितळात आपले कपडे असले की माणूस लवकर उठतो.

१३ एप्रिल

ताई कामावर आली. मी जवळ गेले तर तिने माझा हात दाबला आणि कामाला लागली. पाचच्या सुमाराला एकदम म्हणाली, "त्याला पोहायला मीच शिकवलं होतं." माझ्याकडे आनंद आहे. तो मी तिच्यासमोर कुठे लपवू?

१५ एप्रिल

सासूबाईंनी आज नळ दुरुस्त करून घेतला. म्हणाल्या, तो आला की म्हणेल, एवढंसुद्धा जमलं नाही तुम्हाला. एका सदऱ्याची कॉलर फाटली होती, ती उलटून शिवतायत. गुणगुणतातसुद्धा. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

१९ एप्रिल

सत्तेचाळीसच्या थैलीत माझ्या नावाचं पाकीट. गोल अक्षर. मी मास्तरांना न विचारता तिथेच फोडलं. इथे उतरून ठेवते, कारण मला ते अजून धड कळलेलं नाही आणि कदाचित उतरताना कळेल.

"वहिनींना नमस्कार. मी काटकुळीवरचा आचारी. दोन्ही हात भाजलेत, म्हणून सिस्टर लिहून घेतायत. आधी खरं सांगतो, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. तुमची पत्रं मी घेतली. इथे रोज सकाळी नावं पुकारतात. एकेक नाव पुकारलं जायचं आणि कुणीच 'इकडे' म्हणायचं नाही. आम्ही साठ-पासष्ट जण, आणि नावं सगळ्यांची. त्या शांततेने जीव जायची पाळी आली होती. तेवढ्यात तुमच्या यजमानांचं नाव आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'इकडे.' का ते सांगता येत नाही. मला घरचं कुणी नाही, मला कधी पत्र येत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

सिस्टरनी नऊही वाचून दाखवली. नळ, चष्मा, सगळं. तुम्ही इतक्यांदा माफी मागितलीत की आठव्या पत्राला मी मनातल्या मनात म्हणालो, जाऊ दे, केली माफ. मग रडायला आलं, कारण ते म्हणणारा मी कोण?

तुमचे यजमान गेले, वहिनी. आदल्या दिवशी तेलाचं एक जहाज फुटलं होतं, त्यावरची माणसं पाण्यात होती. त्यांना उचलायला आम्ही थांबलो. थांबलेल्या जहाजाला पाणतीर मारणं सोपं असतं. मी चहाची किटली घेऊन वर आलो होतो. ते दिव्यापाशी होते, बाकीच्या जहाजांना सांगत होते की पुढे जा, आमच्यासाठी थांबू नका. चार मिनिटांत आमचे दोन तुकडे झाले. तोपर्यंत दिव्याची उघडझाप चालू होती.

ते तुमच्यावर रागावले होते का, हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते घरचं आमच्यापाशी कधी बोलले नाहीत. मला माहीत नाही. इथे आता मी माझं खरं नाव सांगितलं आहे. पत्रं परत पाठवू का?"

२० एप्रिल

दिवसभर काही सुचलं नाही. दोनदा पत्रं चुकीच्या खणात टाकली. ताईने ती काढून बरोबर लावली, तेव्हा मला तिच्या पदरात तोंड खुपसून रडायला झालं. तिला काही सांगावं लागलं नाही.

आचाऱ्याचा मला राग यायला हवा. येत नाही. राग येतो तो माझाच. दहा दिवस एका आईला मी तिचा मुलगा परत दिला, तेही कुठल्या आधारावर, तर एका शिक्का नसलेल्या पाकिटाच्या. आणि ह्यांनी मला माफ केलं असतं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. माफी मिळाली ती भलत्याच माणसाकडून, मनातल्या मनात, ज्याला ती देण्याचा हक्क नव्हता.

घरी आले. सासूबाई सदऱ्यांना इस्त्री करत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. सरळ सांगितलं : "आई, हे गेले. ती पत्रं दुसऱ्याने घेतली होती."

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "तुझी पत्रं परत आली?"

"नाही, पण—"

"त्या ताईची आली. तुझी नाही आली. तूच सांगितलंस ना? मग झालं तर."

मी पुन्हा सांगितलं. आचाऱ्याचं पत्र वाचून दाखवलं, दिव्याची उघडझाप, चार मिनिटं, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हात भाजलेला माणूस, तापात काहीही बरळतो." आणि सदऱ्याची घडी घालायला लागल्या. घडी तीनदा मोडली. माझाच पुरावा त्या माझ्यासमोर धरून उभ्या आहेत, आणि तो मी त्यांच्या हातातून कसा काढून घेऊ, मला कळत नाही. कळतंय की काढायला हवा. आज जमलं नाही.

पार्सल त्यांनी स्वतः बांधलं. नाव मात्र मला लिहायला लावलं, चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून. मी ह्यांचं नाव लिहिलं, खाली सत्तेचाळीस.

२१ एप्रिल

पार्सल सकाळी मी माझ्या हाताने सत्तेचाळीसच्या थैलीत घातलं. मास्तरांनी पाहिलं. नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि थैलीचं तोंड स्वतः बांधून दिलं. पार्सल घरी परत येऊ नये म्हणून त्यावर परतीचा पत्ता मी लिहिला नव्हता, तेही त्यांनी विचारलं नाही.

पार्सलच्या आधी पोचेल अशा बेताने आचाऱ्याला एक पत्र काल संध्याकाळीच टाकलंय. त्यात जास्त काही लिहिलं नाही. पत्रं परत पाठवू नका म्हटलं. आणि लिहिलं, की दोन-तीन दिवसांत तिथे ह्यांच्या नावाने एक पार्सल येईल, आत तीन सदरे आहेत, एकाची कॉलर उलटून शिवलेली आहे. नाव पुकारतील तेव्हा तुम्ही "इकडे" म्हणा.